नोंद पक्की, पण जामीन कोण?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, या गावात पाच माणसांना ठार मारण्यात आले. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची ही माणसे भिक्षेवर पोट भरीत इतक्या दूर आली होती. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची. मुले पळविणारी टोळी परिसरात हिंडत आहे, अशी वार्ता तेथील मोबाइल फोनांवर काही दिवसांपासून फिरत होती. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमावाला तेवढे निमित्त पुरे झाले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्यांना कोंडण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण अक्षरशः खरी ठरावी असा हा प्रसंग. फरक एवढाच की, येथे चोर मुळात नव्हताच.

त्या उन्हाळ्यात अशाच वार्तेपायी देशाच्या अनेक राज्यांत माणसे मारली गेली. फोनांवरून फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक विशेष गाजली. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात, असे तीत दिसत होते. ही चित्रफीत भारतातील नव्हतीच. कराचीतील एका स्वयंसेवी संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस ते दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवण्याचा संदेश लिहिलेला फलक दाखवितात. हा शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतभर पसरला. त्यातील एकही दृश्य बनावट नव्हते. फक्त शेवट गायब होता.

अशा खोट्या बातम्यांवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत ‘ब्लॉकचेन’ या तंत्राचे नाव आग्रहाने पुढे येत आहे. प्रत्येक छायाचित्र, चित्रफीत व बातमी जन्मतःच एका अशा खतावणीत नोंदवावी, की जी नंतर कोणालाही खोडता वा बदलता येणार नाही; मग खरे काय आणि खोटे काय याचा निवाडा यंत्रच करील, अशी ही कल्पना आहे. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्याचा अंशही आहे. परंतु तो अंश कोणता व किती, हे नीट तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

ब्लॉकचेनविषयी एक गूढ वलय निर्माण झाले आहे. वास्तविक, ज्याने जुन्या पेढीवरची रोजकीर्द पाहिली आहे, त्याला हे तंत्र समजण्यास अडचण पडू नये. कीर्दीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानावरून पुढे आणलेली बेरीज लिहिलेली असते. एखाद्याने मागच्या पानावरील आकडा चोरून बदलला, तर पुढील प्रत्येक पानाची बेरीज चुकते. आता अशी कल्पना करावी की, या कीर्दीची नक्कल एकाच मुनिमाकडे नसून हजारो ठिकाणी आहे आणि सर्व नकला जुळल्याखेरीज नवे पान लावले जात नाही. मग लबाडी करणाऱ्याला एक पान नव्हे, सर्व पाने आणि सर्व नकला बदलाव्या लागतील. हीच ब्लॉकचेन. पुढे आणलेल्या बेरजेच्या जागी येथे एक सांकेतिक ठसा असतो. इंग्रजीत त्याला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरात एका स्वल्पविरामाचा बदल झाला तरी हा ठसा पार बदलून जातो.

या शोधाचा वृत्तपत्रांशी जुना संबंध आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. संगणकावरील दस्तऐवज अमुक तारखेला अस्तित्वात होता, हे निर्विवादपणे कसे सिद्ध करावे, या प्रश्नावर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या कंपनीने १९९५ पासून आपल्या सर्व नोंदींचा एकत्रित ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापण्यास आरंभ केला. हरवले-सापडलेच्या शेजारी अक्षरे आणि आकडे यांची एक निरर्थक वाटणारी ओळ! पण ते वृत्तपत्र लाखो घरांत आणि शेकडो ग्रंथालयांत जात असल्याने ती ओळ मागाहून बदलणे कोणाच्याही हाती नव्हते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या दोघांच्या कामाचे आधार दिलेले होते. छापील वृत्तपत्राकडे जो गुण आपोआप होता, तोच संगणकाच्या जगात पुन्हा निर्माण करण्याचा हा खटाटोप आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

या गुणाचे मोल कमी लेखता येणार नाही. कराचीची चित्रफीत तिच्या निर्मात्यांनी अशा खतावणीत नोंदविली असती, तर तिची तारीख, तिचे गाव आणि तिची मूळ लांबी कोणालाही पाहता आली असती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९ मध्ये आयबीएमच्या साहाय्याने वृत्तछायाचित्रांसाठी असा प्रयोग करून पाहिला. इटलीच्या ‘आन्सा’ या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये आपल्या बातम्यांना ब्लॉकचेनवर आधारलेली खूण जोडण्यास सुरुवात केली. अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी आदींनी २०२१ मध्ये एकत्र येऊन छायाचित्राच्या उगमाची माहिती त्याच्यासोबतच सीलबंद करण्याचे मानक तयार करावयास घेतले. त्यासाठी ब्लॉकचेनची सक्ती नाही, साधी अंकीय स्वाक्षरी पुरते. उद्देश मात्र तोच. कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब चेहरे व आवाज तयार होऊ लागल्यापासून या प्रयत्नांची निकड वाढली आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण अगदी व्यावहारिक आहे. चित्र एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना ते आकुंचित केले जाते, त्याचा दर्जा उतरविला जातो. चित्र तेच राहते, पण ठसा बदलतो. म्हणजे प्रामाणिक माणसाने पाठविलेले अस्सल छायाचित्रही कसोटीला नापास होते आणि सोबत जोडलेली उगमाची माहिती तर वाटेतच गळून पडण्याचा संभव असतो. दुसरी अडचण आकारमानाची. व्हॉट्सअ‍ॅपवरून दररोज १० हजार कोटी संदेश जातात, असे त्या कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले होते. म्हणजे दर सेकंदाला ११ लाखांहून अधिक. बिटकॉइनच्या साखळीत सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार बसतात. हजारो नोंदींचा मिळून एकच ठसा काढण्याची युक्ती उपलब्ध आहे, त्यामुळे ही अडचण अगदीच दुस्तर नाही. खरी मेख तिसऱ्या अडचणीत आहे.

खतावणी एवढेच सांगते की, अमुक नोंद अमुक वेळी झाली व त्यानंतर बदललेली नाही. ती नोंद खरी आहे की नाही, याविषयी ती मूक असते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव आहे तो जमिनीचा मालक असेलच असे नाही, हे कळण्यासाठी अनेकांना दिवाणी न्यायालयात आयुष्याची वर्षे घालवावी लागली आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावयाची असते. ‘विरुद्ध पुरावा येईपर्यंत’ या शब्दांत सारे आले. तलाठ्याने चुकीचा फेरफार मंजुरीस पाठविला आणि तो मंजूर होऊन अंकीय स्वाक्षरीसह संगणकावर चढला, तर चूक दुरुस्त होत नाही. ती अधिक देखणी व अधिक चिवट होते. ब्लॉकचेनवरील असत्याचे यापेक्षा निराळे काही होणार नाही.

असत्य नेहमी बनावट कागदावरच लिहिलेले असते, हा समजही सोडून द्यावयास हवा. १४ एप्रिल २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीची मुदत वाढविली गेली त्याच दिवशी, मुंबईत वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ इच्छिणाऱ्या मजुरांची मोठी गर्दी जमली. गर्दीच्या कारणांविषयी नाना दावे झाले. अडकलेल्या प्रवाशांसाठी विशेष गाड्या सुटणार असल्याची बातमी दिल्याबद्दल एका मराठी वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली व पाठोपाठ जामीनही मिळाला. त्या बातमीमागे रेल्वेच्या एका विभागाचे अंतर्गत पत्र होते आणि ते अस्सल होते. नव्हता तो अंतिम निर्णय. ते पत्र कोणत्याही खतावणीत घातले असते, तरी ‘अस्सल’ हाच शेरा मिळाला असता. जुने छायाचित्र नव्या मथळ्याखाली फिरविणे, भाषणातील अर्धे वाक्य उचलणे, एका देशातील दंगल दुसऱ्या देशाच्या नावावर खपविणे, हे खोटेपणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत रुळलेले प्रकार आहेत. त्यांत साहित्य अस्सलच असते, लबाडी असते ती संदर्भात. आणि संदर्भाचा ठसा काढण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

स्वस्ताईचा मुद्दा येथे विचारात घेतलाच पाहिजे, कारण खोट्या बातमीचा प्रश्न तंत्राचा कमी आणि खर्चाच्या वाटणीचा अधिक आहे. खरी बातमी मिळविण्यास बातमीदार पाठवावा लागतो, कागदपत्रे तपासावी लागतात, चूक झाल्यास खटला अंगावर घ्यावा लागतो. खोटी बातमी रचण्यास यांतले काही लागत नाही आणि ती आणखी एकाला पाठविण्याचा सीमांत खर्च तर शून्यच असतो. तिचे मोल चुकवितो तो तिसराच कोणी. राईनपाड्यात ते पाच भिक्षेकऱ्यांनी चुकविले. ज्याने चित्रफितीचा शेवट कापला त्याला दमडीचीही तोशीस पडली नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि दुखणे खालच्या गावाने काढावे, तसाच हा प्रकार आहे.

उलट बाजूला नफाही आहे. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात उत्तर मॅसिडोनियातील वेलेस या गावातील तरुणांनी शंभरहून अधिक संकेतस्थळे काढून ट्रम्प यांच्या समर्थकांना रुचतील अशा कपोलकल्पित बातम्या पुरविल्या. त्यांना अमेरिकन राजकारणात रस होता असे नव्हे. वाचक आले की जाहिरातींचे पैसे येत होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील तिघा संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार वार्तामालिकांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला की, खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याचा संभव खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक असतो आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचण्यास सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागतो. हे कार्य यंत्रमानवांचे नसून हाडामांसाच्या माणसांचे आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हुसकून लावते, हा ग्रेशॅमचा सिद्धांत येथे निराळ्या रीतीने प्रत्ययास येतो.

ही रचना ओळखून काहींनी सत्याचाच बाजार उभारून पाहिला. न्यूयॉर्कमधील ‘सिव्हिल’ या कंपनीने ब्लॉकचेनवरील टोकन विकून अशी व्यवस्था योजिली होती की, टोकनधारकांनी पैसे पणाला लावून कोणते वृत्तगृह विश्वासार्ह याचा मतदानाने निर्णय करावा. २०१८ मधील टोकनविक्री अपेक्षित किमान रकमेच्या जवळपासही पोहोचली नाही, पैसे परत करावे लागले आणि २०२० मध्ये कंपनी बंद पडली. ज्याच्या गाठीला पैसा अधिक त्याच्या मताला वजन अधिक, ही सत्यशोधनाची पद्धत मुळातच विचित्र होती. सट्टेबाजाला टोकनाचा भाव कळतो. गावोगावच्या बातमीची पारख त्याच्याकडून कशी व्हावी?

या सर्व चर्चेत भारतातील एक मोठा प्रयोग मात्र दुर्लक्षित राहतो आणि तोच सर्वांत बोधप्रद आहे. राईनपाड्याच्या घटनेनंतर अवघ्या तीन आठवड्यांच्या आत, १९ जुलै २०१८ रोजी, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, व्यापारी संदेशांसाठी नवे विनियम काढले. नको असलेल्या जाहिराती व फसवे एसएमएस रोखण्यासाठी त्यांत ब्लॉकचेनच्या जातीचेच, वितरित खतावणीचे तंत्र अनिवार्य करण्यात आले. बँक असो, विमा कंपनी असो की सरकारी खाते. संदेश पाठवू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःची, आपल्या संक्षिप्त नावाची आणि संदेशाच्या नमुन्याचीही नोंद करावयाची आणि नोंदलेल्या नमुन्याशी जुळेल तोच संदेश ग्राहकापर्यंत जाऊ द्यावयाचा, अशी ही योजना होती. एखाद्या देशाने कोट्यवधी ग्राहकांच्या संदेशवहनावर असे तंत्र प्रत्यक्ष लागू करणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

त्याचे फलित काय? ८ मार्च २०२१ रोजी नमुना जुळविण्याची सक्ती सुरू होताच बँकांचे सांकेतिक क्रमांक ग्राहकांना मिळेनासे झाले, व्यवहार अडले आणि दुसऱ्याच दिवशी ही सक्ती आठवडाभर स्थगित करावी लागली. हा प्रारंभीचा गोंधळ पुढे निस्तरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र ट्रायला दूरसंचार कंपन्यांना आदेश द्यावा लागला की, खतावणीतील सर्व नावे आणि सर्व नमुने पुन्हा तपासून घ्यावेत, कारण त्यांचा गैरवापर होत आहे. न बदलणाऱ्या नोंदी न बदलता तशाच होत्या; त्यांतील काही मुळात तेथे असावयास नको होत्या, एवढेच. आणि तोवर खऱ्या ठकसेनांनी या दारावर थांबणे सोडून दिले होते. नोंदणीची कटकट न करता ते साध्या दहा आकडी क्रमांकांवरून बोलू व लिहू लागले. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत अशा बिननोंदणीच्या व्यापाऱ्यांविरुद्ध ७.९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्यावर ऑगस्टमध्ये ट्रायने कडक निर्देश दिले आणि कंपन्यांनी २.७५ लाख जोडण्या तोडल्या. जोडण्या तोडणे, काळ्या यादीत घालणे, हे उपाय शंभर वर्षांपूर्वीच्या फौजदारालाही सुचले असते.

या प्रयोगातून निघणारा अर्थ असा की, ज्या प्रेषकाचे नाव आहे, पत्ता आहे आणि गमावण्यासारखे काही आहे, त्याला खतावणी बांधून ठेवते. बँकेच्या नावाने येणाऱ्या एसएमएसला आज काही तरी शिस्त आहे ती यामुळेच. ज्याला गमावण्यासारखे काही नाही, तो खतावणीच्या वाटेला जातच नाही.

हुंडीचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांना हे शतकानुशतके ठाऊक होते. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूला दिले जात नसत. ते बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच मिळत. हुंडी बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाने ते परत करावेत किंवा ज्याच्याकडून ती आली त्याला हजर करावे, असा रिवाज होता. म्हणून शहा हुंडी घेण्याआधी दहा वेळा चौकशी करी. हुंडी खरी ठरत असे ती कागदाच्या किंवा शाईच्या गुणामुळे नव्हे, तर ती पुढे करणारा आपली पत जामीन ठेवीत असे म्हणून. (‘शहाजोग’ या शब्दाला मराठीत पुढे साळसूदपणाच्या सोंगाचा अर्थ चिकटला, यावरून शहांचाही अनुभव सदैव चांगलाच येत होता असे दिसत नाही.) समाजमाध्यमांवरील वार्ता ही जामीन नसलेली हुंडी आहे. ‘आले तसे पुढे पाठविले’ हे शब्द लिहिले की पाठविणारा मोकळा. ज्या कंपनीच्या यंत्रणेवरून ती धावते, ती तर त्याहूनही मोकळी.

मग प्रत्येक संदेशाला त्याच्या मूळ प्रेषकाचे नाव जोडून त्यालाच जामीन का धरू नये, असा प्रश्न ओघानेच येतो. मद्रास उच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात २०१९ मध्ये आयआयटीचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी या स्वरूपाची सूचना केली होती. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, सक्षम आदेश आल्यास, मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले आणि व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. या मार्गातील धोका ब्लॉकचेनच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी पुरता ओळखलेला दिसत नाही. मजकूर नक्कल करून नव्याने चिकटविला की ‘मूळ प्रेषक’ नवा होतो. त्यामुळे सराईत माणूस सुटतो आणि भाबडेपणाने पहिल्यांदा पाठविणारा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका सापडते. शिवाय कोणी, केव्हा, कोणाला काय लिहिले, याची कधीही न पुसली जाणारी खतावणी एकदा अस्तित्वात आली, की ती केवळ खोट्या बातम्यांसाठीच उघडली जाईल, याची हमी कोण देणार? धरणातील गैरव्यवहाराचा कागद पत्रकाराला देणारा कनिष्ठ अभियंता तिच्यात पहिल्याच पानावर सापडेल.

खरे काय ते सरकारनेच ठरवावे, ही वाटही धरून झाली. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून, आपल्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी वा दिशाभूल करणारी आहे हे सांगण्याचा अधिकार स्वतःच्या तथ्यतपासणी कक्षाला देण्याचे योजिले. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले आणि तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असावा, ही कल्पना न्यायालयाला मानवणे शक्यच नव्हते. अशा कक्षाचा निर्णय उद्या ब्लॉकचेनवर चढविला, तरी त्याने तो अधिक न्याय्य होत नाही.

येथवरच्या विवेचनावरून हे तंत्र निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. ते उलट्या टोकाकडून वापरावयाचा प्रयत्न चालला आहे, एवढीच तक्रार आहे. बोलणाऱ्या सामान्य माणसाला बांधण्यासाठी न वापरता ते कागद काढणाऱ्या समर्थ संस्थांना बांधण्यासाठी वापरले, तर त्याचा उपयोग मोठा आहे. सरकारी परिपत्रक गाजावाजा न करता बदलणे, संकेतस्थळावरील आकडेवारी एके दिवशी नाहीशी होणे, वृत्तपत्राने चुकीची बातमी संगणकावर हळूच सुधारून ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ असा पवित्रा घेणे, हे प्रकार काही अपरिचित नाहीत. छापील अंकाला हे शक्य नव्हते. काल छापले ते आज ग्रंथालयात होतेच. ज्याच्या हाती खोडरबर आहे, त्याचाच हात खतावणीने धरावयास हवा. रिझर्व्ह बँक, निवडणूक आयोग, रेल्वे, विद्यापीठे, जिल्हाधिकारी, वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रे यांनी आपला प्रत्येक जाहीर कागद व त्यातील प्रत्येक दुरुस्ती अशी नोंदवावी आणि खतावणीच्या नकला एकाच मंत्रालयाकडे न राहता न्यायालये, विद्यापीठे व वृत्तपत्रे यांच्याकडे विखुरलेल्या असाव्यात.

गावोगावच्या अफवेला मात्र याने आळा बसणार नाही. तिच्याबाबत परिणामकारक ठरला तो एक अगदी साधा उपाय. जुलै २०१८ मध्ये, हत्याकांडांवरून टीका झाल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना अथवा गटांना पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेल्या संदेशांपुरती ती एकावर आणली. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कोणाचे नाव विचारले नाही, कोणाचा मजकूर वाचला नाही. केवळ शून्य असलेल्या सीमांत खर्चात बोटाच्या थोड्या श्रमाची भर घातली. हा उपाय कंपनीला २०१८ च्या आधी सुचला नाही, याचे कारण संदेश जितके अधिक धावतील तितका तिचा व्याप वाढतो, हेच असावे. प्रसारातून लाभ घेणाऱ्यांना प्रसाराच्या हानीत वाटा उचलावयास लावण्याचे काम कायद्याचे आहे आणि त्यासाठी पाठविणाऱ्यांच्या नावाची जंत्री लागत नाही. किती वेगाने काय पसरविले गेले, एवढा हिशेब पुरतो.

महाराष्ट्र शासनापुरते बोलावयाचे, तर आरंभ कोठून करावा हे शोधण्यास दूर जावयास नको. मंत्रालयातून निघणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयाच्या तळाशी आजही नमूद असते की, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, त्याचा संगणक संकेतांक अमुक आहे आणि तो अंकीय स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे. म्हणजे खतावणी आहे, क्रमांक आहे, ठसाही आहे. तरीही बनावट शासन निर्णय फिरतात, कारण फोनवर येते ते पहिल्या पानाचे छायाचित्र. त्यावरून मूळ कागदापर्यंत जाण्याची वाट सामान्य माणसाला दाखविलेली नाही, आणि वाट माहीत असलेल्याला विभाग, तारीख व तो लांबलचक संकेतांक हाताशी घेऊन शोध घ्यावा लागतो. तळाची ओळ माथ्यावर आणावी, तिच्याशेजारी फोनने वाचता येईल अशी खूण छापावी, ती खूण प्रत्येक पानावर असावी आणि फोन धरताच मूळ निर्णय, त्यानंतरच्या दुरुस्त्या आणि तो रद्द झाला असल्यास रद्द झाल्याची तारीख मराठीत पुढे यावी, एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही की नवी खतावणीही लागत नाही.